गाभण कालवडीची कास: व्यायच्या आधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात असो नाहीतर माण-आटपाडीच्या माळावर, पहिलारू कालवड सातव्या महिन्यात गेली की घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता तिच्या कासेकडे बघतं. गंमत अशी, की चारी बाजूंनी सारखी फुगलेली कास बघून धावपळ होते, आणि एकच सड जाड झालेला असताना मात्र ‘व्याली की होईल नीट’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर उलट व्हायला हवं. खालचे प्रश्न गोठ्यात, डेअरीच्या रांगेत आणि रात्री-अपरात्री फोनवर येणारे आहेत.

कालवड कास कधी धरते? आमची अजून दीड महिना लांब आहे, पण कास दिसायला लागली.

दीड महिना आधी कास दिसणं पहिलारू कालवडीत नेहमीचं आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून आतली वाढ सुरू होते आणि शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत ती डोळ्यांना दिसते. दोन-तीन वेतं झालेली गाय उशिरा कास धरते, त्यामुळे जुन्या गाईशी तुलना केली की कालवड घाईला आल्यासारखी वाटते. सड मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांत भरतात, चकचकीत होतात.

हिशोब रेतनाच्या तारखेवरून करा. गाईला साधारण २८० दिवस. आपली माणसं ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात ते जवळपास बरोबर आहे. म्हशीला ३१० दिवसांच्या आसपास. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिली तरी चालेल, पण लिहा. निम्म्या फोनवर पहिला प्रश्न ‘किती दिवसांची गाभण?’ हा असतो आणि उत्तर ‘बघा, दिवाळीच्या आसपास भरवली होती’ असं येतं.

खिल्लार कालवडीची कास लहान असते आणि उशिरा दिसते. तिच्याकडे बघून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, काळी-पांढरी विदेशी दुधाळ जात) कालवडीचा अंदाज बांधू नका, आणि उलटही नको.

कास दगडासारखी टणक झालीय, सूज पार बेंबीपर्यंत गेलीय. ही दगडीच ना?

बहुतेक वेळा नाही. व्यायच्या आधी कासेत पाणी उतरतं, त्याची ही सूज. पहिलारूत ती जास्त येते, शेवटच्या दोन-चार आठवड्यांत वाढते आणि व्याल्यानंतर एक-दोन आठवड्यांत हळूहळू ओसरते. काहींना त्याहून जास्त दिवस लागतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे, पण हात लावावा लागतो; लांबून, मोबाईलच्या फोटोवरून ती जमत नाही. कासेवर किंवा बेंबीकडच्या सुजेवर बोट दाबून पाच सेकंद धरा आणि काढा. खळगा तसाच राहिला आणि सावकाश भरला, तर ते पाणी आहे. मग उजवी-डावी बाजू बघा. पाण्याची सूज दोन्हीकडे साधारण सारखी असते. तळहात ठेवला तर कास बाकीच्या अंगापेक्षा गरम लागत नाही. कालवड ताणामुळे पाय जरा फाकवून चालेल, पण खाणं-रवंथ चालू असतं, ताप नसतो.

दगडी, म्हणजे कासेचा दाह, बहुतेक एका कप्प्यात सुरू होतो. चारपैकी एक कप्पा मोठा, गरम, लालसर; हात लावला की कालवड पाय उचलते किंवा लाथ झाडते. त्या बाजूच्या मागच्या पायाने लंगडते. सड मुळापासून जाड लागतो. वैरण कमी होते, अंग तापतं. थर्मामीटर शेपटीखाली, गुदद्वारात लावून बघा: १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट ठीक, १०३च्या वर गेलं तर ताप. शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर दोन-चार हजारांच्या पेंडीच्या बिलापुढे काहीच नाही, तरी दहातल्या आठ गोठ्यांत तो सापडत नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा. कास ठीक आहे पण सूज पुढच्या पायांमध्ये, छातीखाली किंवा जबड्याखाली आहे, तर कासेचा विचार सोडा. जबड्याखाली पाणी साठणं हे यकृतातल्या चपट्या कृमींचं किंवा अंगात रक्त कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. नदीकाठच्या दलदलीत चरणाऱ्या जनावरांत ते दिसतं. छातीखालची सूज आणि मानेची शीर ताठ फुगलेली, तर चाऱ्याबरोबर पोटात गेलेली तार हृदयापर्यंत पोचल्याची शंका घ्यावी लागते. दोन्हीला डॉक्टर हवा.

जरा पिळून बघू का, आत दूध आहे का पाणी?

नको. हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं.

सडाच्या टोकाशी जे छिद्र आहे त्यात गाभणपणात मेणासारखा एक चिकट बूच तयार होतो. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. तुम्ही ‘नुसती एक धार’ काढली की बूच निघतो. दुभत्या गाईत पुढच्या धारेबरोबर जंतू धुऊन तरी जातात. कालवडीत पुढची धार कैक दिवसांनी असते, तोवर आत गेलेल्या जंतूंना मोकळं रान. पाहुणा आला की कौतुकाने सड पिळून दाखवायची सवय आपल्याकडे आहे. पाहुण्याला चहा द्या.

हात मात्र रोज लावा. कास चाचपा, चारी सड बोटांत धरून वरून खाली फिरवा, एकमेकांशी ताडून बघा. लावायचा, पिळायचा नाही.

डॉक्टरला दाहाची खात्री करायची असेल तर तो स्वतः थोडा स्राव काढतो. गाभणपणाच्या मधल्या काळात निरोगी सडातला स्राव मधासारखा चिकट असतो, पुढे तो पिवळा, दाट चीक होतो. पाण्यासारखा पातळ, गाठी असलेला, पू मिसळलेला किंवा घाण वासाचा निघाला तर दाह. डेअरीतली दगडी तपासायची निळी-जांभळी चाचणी चिकावर विश्वासाची नाही, ती निरोगी चिकातही दाट होऊ शकते. त्यावरून स्वतः निष्कर्ष काढू नका.

पाण्याची सूज कोणाला जास्त येते? आमच्या दोन कालवडींत एकीलाच आली.

घराण्याचा भाग आहेच. एचएफमध्ये, विशेषतः मोठ्या कासेच्या वाणात, जास्त दिसते. वय जास्त झालेल्या आणि अंगाने फार भरलेल्या कालवडीला जास्त येते. संकरित कालवड २४ ते ३० महिन्यांत व्यायला हवी. साडेतीन वर्षांची, पाठीवर चरबी चढलेली कालवड व्यायला आली की सूज आणि अडलेली वेत दोन्ही गळ्यात पडतात.

दुसरं कारण वैरणीत. मीठ आणि पोटॅशियम जास्त गेलं की अंगात पाणी धरतं. गोठ्याची स्लरी सतत सोडलेलं हत्तीगवत, लसूणघास आणि मळी यांत पोटॅशियम भरपूर असतं. गाभण आहे, शक्ती हवी म्हणून मळी, वर मिठाचा खडा, वर खनिज मिश्रणात पुन्हा मीठ. असं तिहेरी चालू असतं. शेवटच्या तीन आठवड्यांत वेगळं मीठ आणि मळी बंद करा. खनिज मिश्रण बंद करू नका, त्यातलं सेलेनियम आणि जीवनसत्त्व ई कासेच्या प्रतिकारशक्तीला लागतं.

सांगली-साताऱ्यात कारखाने चालू झाले की ऊसतोडीच्या हंगामभर वाढ्यांवरच, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरच, गोठा चालतो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते वैरणीतलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाभण कालवडीला निव्वळ वाढ्यांवर ठेवू नका. कडबा, मका किंवा मुरघास यांची जोड द्या. खुराक शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचा असतो, एका रात्रीत दोन पाट्या नव्हे.

तिसरं, दावण. दिवसभर आखूड दाव्याला उभी कालवड आणि मुक्त गोठ्यात फिरणारी कालवड यांच्या कासेत फरक पडतो. पोटातलं वासरू शिरांवर दाब देतं, रक्त आणि लसीका वर चढायला चालणं लागतं.

मग सूज उतरायला घरी काय करता येईल?

सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवा, सपाट आणि घसरट नसलेल्या जागी. फिरवायची जागा नसेल तर दावं लांब करा. बसायला मऊ जागा द्या. कोब्यावर बसली की सुजलेली कास दबते.

कासेवर गार पाण्याचा फवारा दहा मिनिटं, मग कोरडी पुसून खालून वर, बेंबीकडून मागच्या बाजूला हलक्या हाताने चोळा. चोळायला राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने प्रसार केलेला एक घरगुती उपाय आहे: दोनशे मिलिलिटर तिळाचं किंवा मोहरीचं तेल गरम करून त्यात मूठभर हळद आणि चिरलेला लसूण टाकायचा, वास सुटला की उतरवून गार करायचा आणि सुजेवर गोल गोल चोळायचा, दिवसातून तीनदा. दाह नाही याची खात्री केल्यावरच करायचा, हे त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. लोक नेमकं तेवढंच विसरतात.

इंजेक्शनबद्दल सावध राहा. सूज झटकन उतरवणारी म्हणून जी स्टेरॉइडची इंजेक्शनं गावात मिळतात, त्यातलं डेक्सामेथासोन शेवटच्या महिन्यांतल्या गाभण जनावराला दिलं तर ती मुदतीआधी विते, वासरू कच्चं येतं, वार अडकते. लघवी वाढवून पाणी काढणारी औषधं असतात, ती डॉक्टर बहुधा व्याल्यानंतर देतात. गाभण असताना द्यायची का, किती, हे त्याने जनावर बघून ठरवायचं. मेडिकलवाल्याने सांगितलं म्हणून नको.

कालवडीने अजून एक थेंब दूध दिलं नाही. मग तिला दगडी होईलच कशी?

प्रश्न रास्त आहे. दूध नसलं तरी कासेत वाढणारा मऊ भाग आणि थोडा स्राव असतो, जंतूंना तेवढं पुरतं.

वाटा अनेक आहेत. वासरं असताना एकमेकींचे सड चोखणाऱ्या कालवडी ही सगळ्यात दुर्लक्षित वाट. त्यात दगडी झालेल्या गाईचं दूध ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून वासरांना पाजलं जातं. तेच तोंड मग शेजारणीच्या सडाला लागतं, आणि जंतू दीड-दोन वर्षं मुक्कामाला राहतात. दुसरी वाट माश्यांची. चावऱ्या माश्या सडाच्या टोकाला जखम करतात, खपली धरते आणि त्या खपलीत जंतू घर करतात. तिसरी, शेण-मूत साठलेली ओली जागा. आणि शेवटच्या आठवड्यात सडातून गळती सुरू झाली की दार उघडंच.

म्हणून चोखणारं वासरू वेगळं बांधा, दूध पाजल्यावर थोडा वेळ तोंडाला भरडा किंवा कोवळी वैरण द्या म्हणजे चोखायची ओढ कमी होते. दगडीचं दूध कालवडींना पाजू नका.

एकच कप्पा गरम आणि कडक लागतोय. डॉक्टर उद्या येणार म्हणालेत. तोवर काय?

उद्या म्हणजे उद्या सकाळी असेल तर एक वेळ चालेल, परवा नको. पहिल्या वेतापूर्वी गेलेला सड बहुतेक वेळा कायमचा जातो, कारण दूध तयार करणाऱ्या पेशी याच शेवटच्या आठवड्यांत घडत असतात.

तोवर कालवडीला कोरड्या, स्वच्छ जागी बांधा. ताप मोजून लिहा. दुखऱ्या कप्प्यावर गार पाण्याचा मारा करा. बाकीच्या जनावरांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. घरात पडलेली औषधाची अर्धी ट्यूब सडात सोडू नका, मागच्या वर्षीच्या औषधाची बाटली उघडू नका. डॉक्टर आल्यावर त्याने आधी सडातल्या स्रावाचा नमुना घ्यावा असं सांगा. कोणतं प्रतिजैविक लागू पडेल हे नमुन्यावरून कळतं, आणि प्रतिजैविक दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्याचा उपयोग फारसा उरत नाही. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खंडाळा, वाई, फलटणकडच्या लोकांना ते जवळ पडतं. लांबच्यांनी आपल्या डॉक्टरला नमुना कुठे पाठवायचा ते विचारावं.

वेदनेसाठी डायक्लोफिनॅक मागू नका. गिधाडं मरतात म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम आहे, डॉक्टर तेच वापरतात.

कप्पा गार पडला, कातडी निळी-काळी दिसायला लागली, कालवड मान टाकून बसली, तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. त्या प्रकारात सड वाचवायचा प्रश्न मागे पडतो, जनावर वाचवायचं असतं.

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप दगडीवर चालतो म्हणतात. गाभण कालवडीला लावू का?

लावा, पण डॉक्टरला सांगून, आणि त्याच्या औषधाऐवजी नव्हे. प्रमाण असं: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम खायचा चुना. वाटून लालसर लेप होतो. त्यातला थोडा पाण्यात पातळ करून, कास धुऊन-पुसून, दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा असतो. दोनदा लावून ‘गुण नाही’ म्हणणारे बरेच. चुना मोजून घ्या, जास्त झाला तर कातडी सोलवटते.

गरम विटेचा शेक, डाग देणं, बिब्बा लावणं हे मात्र थांबवा. भाजलेल्या कासेची जखम वेगळी आणि आतला दाह वेगळा, दोन दुखणी होतात.

रात्री धामण येऊन दूध पिऊन गेली, म्हणून सड सुजला असं म्हातारी माणसं म्हणतात.

सापाला चोखता येत नाही, त्याच्या तोंडाची रचनाच तशी नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. सकाळी एक सड मोकळा किंवा सुजलेला दिसला तर वासरू सुटलं होतं का बघा, नाहीतर दाह आहे. देवऋषाकडे गेलेला दिवस हाच औषधाचा पहिला दिवस असतो, एवढंच लक्षात ठेवा. आजीशी वाद घालू नका, तोवर डॉक्टरला फोन लावा.

व्यायला आठ दिवस आहेत आणि सडातून दूध गळतंय.

गळणं म्हणजे बूच निघाला. आता जागा कोरडी ठेवणं हेच मोठं औषध. दिवसातून दोनदा सड स्वच्छ पुसून आयोडीनच्या टीट डिपमध्ये (सड बुडवायच्या जंतुनाशक द्रावणात) बुडवा. बसल्या जागी दूध सांडलं असेल तर तो बिछाना काढून टाका.

दुसरी गोष्ट विसरली जाते: गळतोय तो चीक आहे. वासराला हवी ती ताकद त्यात असते. खूप गळत असेल तर दुसऱ्या निरोगी गाईचा पहिला चीक स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि वेळेला कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करा. थेट उकळू नका, खरवस होईल.

कास इतकी ताणलीय की फुटेल असं वाटतं. व्यायच्या आधीच पिळायला सुरुवात करू का?

यावर डॉक्टरांतही एकमत नाही. सुजेने सड आखूड झाले, कातडी चिरायला लागली, कालवडीला बसता येईना, तर व्यायच्या काही दिवस आधी धार काढणं सुरू केल्याने ताण कमी होतो, हे खरं आहे. पण एकदा सुरू केलं की रोज दोन वेळा काढावंच लागतं, मधे थांबलात तर दाहाला आमंत्रण. आणि चीक आधीच गेल्यामुळे वासरासाठी दुसरीकडचा चीक हाताशी हवा. माझं मत असं, की साध्या सुजेसाठी हा मार्ग घेऊ नये. कासेचा आधार सुटून ती गुडघ्याखाली लोंबायला लागली असेल तर डॉक्टरशी बोलून जरूर घ्यावा.

सहाव्याच महिन्यात कास भरली. चांगलं लक्षण?

नाही. तारीख चुकली नसेल तर गाभ टाकायची शक्यता धरा. योनीतून चिकट, तांबूस किंवा घाण स्राव येतोय का बघा, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडलेत का बघा. जुळं असलं तरी कास लवकर भरू शकते, पण ते मनाने ठरवू नका.

गोठ्यात आधी कोणी गाभ टाकला असेल तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या संसर्गजन्य आजाराची, रक्त तपासणी करून घ्या. हा आजार माणसालाही होतो. पडलेला गर्भ, वार, पाणी यांना उघड्या हाताने शिवू नका, खोल खड्डा खणून वर चुना टाकून पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. प्रतिबंधक लस वासराला, तीही फक्त कालवडीला, चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. गाभण जनावराला ती देत नाहीत.

आणि भरवलेलीच नाही अशी कालवड कास दाखवत असेल तर आधी शंका घ्या, ती गाभण आहे का. शेजारचा वळू दाव्याला घाबरत नाही.

सडावर चामखीळ आलेत. काढून टाकू?

व्यायला दोन महिने असतील तर वाट बघा. चामखीळ विषाणूमुळे येतात आणि बहुतेक काही महिन्यांत आपोआप गळतात. म्हणूनच प्रत्येक औषधाला गुण येतो. सडाच्या टोकाशी, धारेच्या आड येणारा चामखीळ असेल तर डॉक्टरकडून काढून घ्या. ओढून तोडू नका, रक्त येतं आणि बाकी सडांवर पसरतात.

चारऐवजी पाचवा, बारीक सड आहे.

आता काढायचा नाही. ते काम वासरू दोन-तीन महिन्यांचं असताना, कास वाढायच्या आत करायचं असतं. गाभण कालवडीत तो फक्त लक्षात ठेवा, कारण कधी कधी त्यातूनही दूध येतं आणि त्यालाही दाह होतो.

कास आणि मांडीच्या मध्ये जखम झालीय, घाण वास येतो.

सुजलेली कास मांडीवर घासते, तिथे घाम आणि ओल साठते, कातडी सडते. पहिलारूत हे खूप दिसतं आणि पाय फाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही; आधी वासच येतो. कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे एक-दोन कण टाकून, फिकट गुलाबी पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. माश्या बसू देऊ नका, अळ्या पडतात. खोल गेली असेल तर डॉक्टर.

सडाच्या साध्या भेगांना ग्लिसरीन किंवा घरचं लोणी पुरतं. मात्र फोड किंवा गाठी दिसल्या तर तोंड आणि खुरं बघा: लाळ गळते, खुरात जखमा आहेत तर लाळ्या-खुरकूत, अंगभर गाठी आहेत तर लम्पी. २०२२ मध्ये लम्पीने कासेवरही गाठी आणलेल्या आपण पाहिल्यात. दोन्हींत कालवड वेगळी बांधून लगेच कळवायचं.

दुभती गाय आटवताना सडात ट्यूब सोडतात, तशी कालवडीला आधीच सोडली तर?

ज्या गोठ्यात दर वेताला दोन-तीन पहिलारूंचे सड जातात, तिथे डॉक्टर व्यायच्या काही आठवडे आधी असा उपाय करतात. सरसकट नको. कालवडीचं छिद्र अरुंद असतं, नळी पूर्ण घुसवली तर आतली बाजू फाटते. टोक जेमतेम आत घालायचं असतं, तेही स्पिरिटने सडाचं टोक पुसून. हे काम शिकलेल्या हाताचं. ट्यूब सोडल्यापासून किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही ते वेष्टनावर लिहिलेलं असतं आणि ठरल्या दिवसाआधी वेत झालं तर तो हिशोब बदलतो.

गोठ्यात नेमकं काय बदलू?

व्यायच्या तीन आठवडे आधी कालवड दुभत्यांच्या रांगेतून बाहेर काढा. बसायला कोरडं उसाचं पाचट किंवा भुसा, रोज वरचा ओला थर काढून. पावसाळ्यात पाटण-शिराळ्याकडे काहीच वाळत नाही, तिथे पाचटाऐवजी रबरी मॅट आणि वर चुन्याची भुकटी बरी. ओला लाकडाचा भुसा नको, त्यात जंतू फार वाढतात.

कासेवरचे आणि शेपटीच्या गोंड्याचे केस कापा. गोचीड हाताने उपटू नका, औषध डॉक्टरला गाभण सांगून घ्या. उकिरडा गोठ्याला चिकटून असेल तर माश्यांचं कोणतंही औषध पुरणार नाही.

पुसेगाव-खरसुंडीच्या यात्रेत किंवा बाजारात गाभण कालवड घेताना कास कशी बघू?

यात्रेत खिल्लार जास्त, संकरित कालवड बहुधा गावातल्या व्यापाऱ्याकडून मिळते. दोन्हीकडे नियम तोच. सड चारी सारख्या लांबीचे, एकमेकांपासून सुटे. प्रत्येक सड बोटांत फिरवून बघा; मधोमध दोरीसारखी कडक रेघ लागली तर तो सड आतून बंद असण्याची शक्यता आहे. चारी कप्पे मागून बघा, एक बाजू चपटी असेल तर किंमत त्याप्रमाणे. ‘प्रवासात सुजला’ हे उत्तर मान्य करू नका. आणि सगळ्यांसमोर पिळून दाखवणाऱ्या व्यापाऱ्याला थांबवा, ती कालवड उद्या तुमची असणार आहे.

शेवटच्या महिन्यातली कालवड टेम्पोतून लांबवर आणू नका.

व्याली. पहिल्या धारेत रक्त आलं.

चारी सडांतून गुलाबी दूध आलं, गाठी नाहीत, ताप नाही, तर सुजेमुळे बारीक केशवाहिन्या फुटलेल्या असतात. काही दिवसांत थांबतं. हलक्या हाताने काढा. एकाच सडातून रक्त, गाठी किंवा पाणी आलं तर दाह समजा आणि तो चीक वासराला पाजू नका.

वासराला पहिल्या एक-दोन तासांत चीक मिळायला हवा, वजनाच्या एक दशांशाच्या हिशोबाने. ३० किलोचं वासरू असेल तर तीन लिटर, पहिल्या सहा तासांत विभागून. वार पडायची वाट बघत बसू नका. ‘वार पडल्याशिवाय धार काढायची नाही’ ही रीत वासराच्या मुळावर येते.

लाथा मारते, पान्हा सोडत नाही. इंजेक्शन मारू?

ऑक्सिटोसिन रोज टोचायची सवय लावू नका, मग त्याशिवाय ती दूधच सोडणार नाही. आणि अजून न व्यालेल्या कालवडीला तर ते अजिबात नको, गर्भाशय आकुंचन पावतं.

सवय आधी लावायची असते. व्यायच्या तीन आठवडे आधीपासून रोज त्याच वेळी, त्याच माणसाने पाठीवरून हात फिरवत कासेपर्यंत यायचं, सड बोटांत धरायचे, सोडायचे. मशीनवर काढणार असाल तर मशीन शेजारी नुसती चालू ठेवा, आवाज ओळखीचा होऊ द्या. तोच रोजचा हात तुम्हाला गरम कप्पाही पहिल्या दिवशी सांगतो.

डॉक्टर मिळत नाही तेव्हा कोणाला विचारायचं?

१९६२ हा शासनाचा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे, त्यावरून फिरतं पथक मागवता येतं. फोन करताना एवढं हाताशी ठेवा: रेतनाची तारीख, ताप किती, कोणता कप्पा, सूज दाबल्यावर खळगा राहतो का, वैरण खाते का, आधी कोणतं औषध दिलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. गावात कोणी काही टोचलं असेल आणि ते लपवलं तर दुसऱ्या औषधाचा हिशोब चुकतो.

एक सड गेलाच. कालवड ठेवू का विकू?

तीन सडांवर चांगलं दूध देणाऱ्या गाई भरपूर आहेत. बाकीचे कप्पे बराचसा भार उचलतात. एचएफ कालवड तब्येतीने चांगली असेल, तिची आई चांगल्या दुधाची असेल, तर पहिलं वेत बघूनच ठरवा. मात्र गेलेल्या सडातून पू येत राहिला, तो पुन्हा पुन्हा सुजत राहिला, तर तो बाकीच्या तिघांना आणि शेजारच्या गाईंना धोका आहे. अशा वेळी डॉक्टरला विचारून तो कप्पा कायमचा बंद करून घ्या, आणि तिची धार नेहमी सगळ्यात शेवटी काढा.

विकायचीच असेल तर घेणाऱ्याला सड दाखवून विका. पैसे थोडे कमी येतील, पण पंधरा दिवसांनी तो कालवड परत घेऊन दारात उभा राहणार नाही.